पेटीतले हरवलेले तीन तास

१

पेटी आली, उघडली, आणि तिच्यातले तीन तास गायब असल्याचं रविवारी दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी उघड झालं.

पेटी निळी, प्रवासाच्या छोट्या बॅगेएवढी. आत गारव्याच्या विटा, विटांच्या मधोमध तळहाताएवढी प्लास्टिकची पिशवी, आणि त्या पिशवीत कुणा अनोळखी माणसाच्या रक्तातून वेगळ्या काढलेल्या मूळपेशी. चौथ्या मजल्यावर काचेच्या खोलीत मासोळी त्यांची वाट बघत पडली होती. वय सत्तावीस, धंदा पोहायला शिकवण्याचा, म्हणून घरीदारी सगळ्यांची मासोळी. आठवडाभर औषधं देऊन तिच्या हाडांतला आजारी मगज डॉक्टरांनी पार संपवून टाकला होता. आता नव्या पेशी शरीरात गेल्या तर नवं रक्त तयार होणार होतं. नाही गेल्या तर काय, हे कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

मासोळीची आई बाहेरच्या बाकावर बसली होती. तिच्या शेजारी तिची धाकटी बहीण, म्हणजे मासोळीची मावशी; ती मासोळीच्या आईला ताई म्हणायची. मावशीची सगळी नोकरी विमानतळाच्या एका बिनखिडकीच्या खोलीत गेली होती. कुठलं विमान कुठल्या वाटेने न्यायचं, किती इंधन भरायचं, वाटेत वारा कसा असेल, किती वाजता पोचेल, हे सगळं वैमानिकाच्या हातात कागदावर द्यायचं, हे तिचं काम. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी तिला पाहुणा कधी येईल विचारलं की ती मिनिटांत सांगायची, आणि घरातले हसायचे.

डॉक्टरबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे बघूनच ताई उभी राहिली.

"बसा, बसा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पेशी आल्यात. पण कागदात घोळ आहे. मी लपवणार नाही तुमच्यापासून."

घोळ असा होता. पेटीत काडेपेटीएवढा एक लॉगर असतो. त्याला घड्याळ नसतं. पेटी बंद झाली की तो मिनिटं मोजू लागतो, आणि दर मिनिटाला आतलं तापमान आणि हवेचा दाब लिहून ठेवतो. त्याने अठ्ठावन्न तास मोजले होते. कागदांवरच्या वेळांप्रमाणे मात्र पेटी बंद होऊन एकसष्ट तास झाले होते.

"तीन तास कुणीतरी लॉगर बंद ठेवला असावा, असं आमच्या प्रयोगशाळाप्रमुखांचं म्हणणं आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्या वेळात पेटी उघडी राहिली असेल, तर पेशी गरम झाल्या असणार. अशा पेशी आज तपासल्या तर जिवंत दिसतात आणि उद्या मरतात. ते सही करायला तयार नाहीत. आणि दुसरं म्हणजे, काढल्यापासून बहात्तर तासांच्या आत पेशी द्याव्या लागतात. पिशवीवरच्या वेळेप्रमाणे ती मुदत आज पाच चाळीसला संपते. त्या धुवून, मोजून नळीला लावायलाच दोन तास लागतात."

मावशीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तीन पंचेचाळीस.

"म्हणजे मुदत गेलीच म्हणायची," ती म्हणाली.

"त्यातल्या एकाच गोष्टीची शंका असती, तर मी धोका पत्करला असता. दोन्ही असताना नाही." डॉक्टरबाई ताईकडे वळल्या. "दुसरा रस्ता तुम्ही. तुमचा मगज तिच्याशी अर्धा जुळतो. पाच वाजता तुम्हाला भूल देऊन तो काढायचा."

"घ्या की मग!" ताई लगेच म्हणाली. "विचारताय काय!"

"ताई, तुझ्या हृदयाची झडप," मावशी म्हणाली.

"झडप गेली उडत."

त्या झडपेपायीच तर ताईचं नाव यादीत शेवटी टाकलं होतं. शिवाय अर्ध्या जुळणीने मासोळीचा जीव वाचेलच असंही नव्हतं. एका घरातली दोन माणसं एकाच संध्याकाळी पणाला लागत होती.

"पाठवणाऱ्यांना विचारलं?" मावशीने विचारलं.

"पंचवीस मिनिटांत अकरा वेळा फोन केला. तिकडे रविवार, त्यात बर्फाचं वादळ. नुसती टेप वाजतेय."

"मला ते कागद बघू द्या. अर्धा तास. विमानाचे तीन तास हवेत विरघळत नाहीत, बाई. मी जन्मभर तेच मोजलेत."

२

प्रयोगशाळाप्रमुख किडकिडीत, शांत, आणि कानावर पेन्सिल अडकवलेले गृहस्थ होते. मावशीला वाटलं होतं की हा माणूस अडून बसणारा असेल. तसा तो नव्हता. त्याचे डोळे तांबारलेले होते.

"मला सही करायला आवडलं असतं," ते म्हणाले. "पण खोटी नाही करणार."

"खोटी मागायला आलेच नाही मी. तीन तास कुठे गेले ते नेमकं सांगता येईल?"

त्यांनी दोन कागद समोर ठेवले. एक, लॉगरमधून छापून घेतलेला आलेख. दुसरा, पेटीबरोबरचा प्रवासाचा फॉर्म. पेटी दोन हातांतून आली होती. दात्याच्या गावाहून पहिल्या वाहकाने ती विमानाने एका मोठ्या शहरात आणली. तिथल्या विमानतळावर ती दुसऱ्या वाहकाने घेतली आणि इथपर्यंत आणली. दात्याचं गाव कुठलं हे फॉर्मवर नव्हतं. ते गुपितच ठेवतात.

"दुसऱ्या वाहकाच्या हातात आल्यापासून सगळं मिनिटाला मिनिट जुळतं," प्रमुख म्हणाले. "गडबड पहिल्या विमानात आहे. हे बघा. निघाल्याची वेळ रात्री २२:१७, पोचल्याची सकाळी ०६:३७. आठ तास वीस मिनिटं. आणि लॉगर काय म्हणतो?"

मावशीने आलेखावर बोट ठेवलं. विमान वर चढलं की केबिनमधला हवेचा दाब उतरतो, खाली आलं की पुन्हा चढतो. कागदावर ती रेघ दरीसारखी दिसत होती. उतार, सपाट तळ, चढ. तिने मिनिटं मोजली.

"चार तास पन्नास मिनिटं हवेत. जमिनीवरची पळापळ धरली तर पाच तास वीस मिनिटं. बरोबर तीन तास कमी."

"तेच तर म्हणतोय मी."

"घड्याळांचा घोळ असेल तर? दोन शहरांची दोन घड्याळं?"

"तो विचार मी आधी केला." त्यांनी पेन्सिल कानावरून काढली. "पण नियम असा आहे की निघाल्याची आणि पोचल्याची, दोन्ही वेळा पेटी आणणाऱ्यानेच लिहायच्या, आणि सगळ्या वेळा मोठ्या शहरातल्या कार्यालयाच्या घड्याळाप्रमाणे. समजा, त्याचं घड्याळ चुकीचं होतं. मग दोन्ही वेळा सारख्याच चुकल्या असत्या ना? दोहोंमधला फरक तरी बरोबर आला असता. तो आलेला नाही."

माणसाचं बोलणं पटण्यासारखं होतं, आणि त्याचाच तिला राग येत होता.

"लॉगर इथे कुणी वाचला?"

तो वाचला होता एका प्रौढ तंत्रज्ञ बाईंनी. मावशी समोर येताच त्या बाई उभ्या राहिल्या आणि हातमोजे काढू लागल्या. एक निघाला, दुसरा निघेना.

"माझ्या हातून काही झालं असेल का, हेच मी मघापासून..." त्या अडखळल्या. "मी सरांना सांगितलं नाहीये. लॉगर जोडताना वायर निसटली. दोनदा जोडावा लागला. पहिल्या वेळी पडद्यावर सगळं दिसलं आणि गेलं. त्यात तीन तास पुसले गेले असतील तर मी त्या पोरीला मारलं की हो!"

"बसा आधी," मावशी म्हणाली. "पाणी प्या. त्याच्या मिनिटांना क्रमांक असतात का?"

"असतात. एकपासून."

"मग दाखवा."

दोघींनी खुर्च्या जवळ ओढल्या. विमान उडाल्याच्या मिनिटापासून उतरल्याच्या मिनिटापर्यंत मावशी क्रमांक खाली सरकवत गेली. एकही सुटला नव्हता. एकशे चाळीसनंतर एकशे एक्केचाळीस, तीनशेनंतर तीनशे एक. कुठे भोक नाही, कुठे उडी नाही. शेवटचा क्रमांक तीन हजार चारशे ऐंशी. म्हणजे नेमके अठ्ठावन्न तास.

"तुमच्या हातून काहीही पुसलं गेलेलं नाही," मावशी म्हणाली. तंत्रज्ञ बाईंनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की टेबलावरचा कागद हलला.

"पण लॉगरच थांबवून ठेवला असेल तर?" दारातून प्रमुखांनी विचारलं. "थांबवला आणि पुन्हा चालू केला, तरी क्रमांक सलगच येतात."

हेही खरं होतं. लॉगर थांबवू शकणारी माणसं दोनच. पहिला वाहक आता जगाच्या दुसऱ्या टोकाला. दुसरा तास-दीड तासापूर्वी या इमारतीत पेटी देऊन गेला होता.

फॉर्मची एक प्रत मागून घेऊन मावशी जिना उतरून खाली आली. स्वागतकक्षातल्या बाईने मान हलवली. "निळं जाकीट घातलेले गृहस्थ? ते गेले की. कुणी विचारलं तर मला झोप आलीय म्हणून सांगा, म्हणाले."

घड्याळात चार दहा झाले होते.

३

तो फार लांब गेला नव्हता. इस्पितळाच्या मागच्या बाजूला, गाड्या धुतात तिथल्या नळावर, तो तोंडावर पाणी मारत होता. साठीचा, रुंद खांद्यांचा माणूस. तो आयुष्यभर लांब पल्ल्याची बस चालवून निवृत्त झाला होता, आणि आता वर्षातून चार-पाच वेळा अशा पेट्या आणायचा. पगार नाही. विमानाचं तिकीट आणि जेवण, बस.

"काही झालंय का?" मावशीला पाहून त्याने विचारलं. "मुलगी बरी आहे ना?"

"मी तिची मावशी. तुमच्याशी दोन शब्द बोलायचेत."

ते कठड्यावर बसले. मावशीने आधी प्रवासाचं विचारलं. माणसं प्रवासाबद्दल मोकळेपणाने बोलतात, हे तिला ठाऊक होतं.

"काय सांगू तुम्हाला!" तो म्हणाला. "शुक्रवारी सकाळी पेटी हातात आली, आणि आठ वाजता बर्फ पडायला लागला. साडेनऊचं माझं विमान रद्द. विमानतळ बंद. छत्तीस तास, बाई! पट्टा मनगटाला बांधून पेटी मांडीवर घेऊन बसलो. संडासात गेलो तरी पेटी बरोबर. एका भल्या बाईने मला बिस्किटं आणून दिली. तिला वाटलं माझं डोकं फिरलंय."

"पेटी उघडली का कधी?"

"मी?" त्याने नळाच्या पाण्यासारखं गार बघितलं तिच्याकडे. "बाई, मी बत्तीस वर्षं बस चालवली. प्रवाशांची बॅग नाही कधी उघडली."

मावशीचा त्याच्यावर विश्वास बसला. पण तिला विश्वास नको होता, पुरावा हवा होता.

"पहिला वाहक कसा होता?"

"बरा होता. धांदरट. मी म्हटलं, विमान यायला वेळ आहे, सात बाराला येणार असं पाटीवर लिहिलंय, तोवर कॉफी घेऊ. कप तोंडाला लावतो तो पाटी बदलली, विमान उतरलंसुद्धा! पस्तीस मिनिटं आधी. पळत सुटलो. तो म्हणाला, वाऱ्याने नुसतं ढकलत आणलं आम्हाला." तो हसला, आणि अचानक थांबला.

"मग त्याने फॉर्म भरला?"

"भरला."

"सगळा?"

"हो. म्हणजे, भरला ना." तो नळ घट्ट बंद करू लागला. नळ आधीच बंद होता.

मावशीने पर्समधून डायरी काढली. "तुमचा फोन नंबर लिहून द्या. तुमचे आभार मानायला घरून फोन करायचा आहे."

त्याने लिहिला. नंबरात दोन सात होते. मावशीने ते बघितले, आणि फॉर्मची घडी उलगडून शेजारी धरली. इंग्रजी आकड्यांतल्या २२:१७ मधल्या साताला मधोमध आडवी रेघ होती, काही देशांत काढतात तशी. ०६:३७ मधला सात नुसता, बिनरेघेचा, मान थोडी पुढे झुकलेला. डायरीतले दोन्ही सात तसेच, मान झुकलेले.

"पोचल्याची वेळ तुम्ही लिहिलीत," ती म्हणाली.

वाहकाचा चेहरा उतरला. 

"त्याचं परतीचं विमान सुटत होतं. त्याने निघाल्याची वेळ आधीच लिहून ठेवली होती. खाली सही केली आणि पळाला. पोचल्याची रिकामीच राहिली. रिकामी ठेवली तर पेटी अडवून धरतात, मला माहितीय. मी पाटीवरची वेळ बघितली आणि लिहिली. त्याच्या रकान्यात दुसऱ्याने लिहायचं नाही, असा नियम आहे. कळलं तर हे काम काढून घेतील माझ्याकडून." त्याने मान खाली घातली. "त्यामुळे काही वाईट झालं का, बाई? खरं सांगा."

मावशी उठली. तिच्या चेहऱ्यावर दोन दिवसांत पहिल्यांदाच रंग आला होता.

"उठा," ती म्हणाली. "आणि माझ्याबरोबर वर चला. तुम्ही आत्ता काय सांगितलंत ते तुम्हाला कळलेलं नाहीये."

४

डॉक्टरबाईंच्या खोलीत पाच माणसं जेमतेम मावत होती. ताईला हिरवा झगा घालून शेजारच्या खोलीत बसवलं होतं. चार पस्तीस.

वाहकाने आधी आपला गुन्हा सांगून टाकला. प्रयोगशाळाप्रमुखांच्या भुवया चढल्या, पण मावशीने त्यांना बोलू दिलं नाही.

"तुम्ही मघाशी म्हणालात, एकाच माणसाचं घड्याळ चुकलं असतं तर फरक तरी बरोबर आला असता. अगदी खरं. पण इथे माणसं दोन आणि घड्याळं दोन. निघाल्याची वेळ पहिल्या वाहकाने त्याच्या गावच्या घड्याळाप्रमाणे लिहिली. पोचल्याची यांनी लिहिली, मोठ्या शहराच्या पाटीवरून. गावचं घड्याळ तीन तास मागे असेल, तर तिथले २२:१७ म्हणजे मोठ्या शहरात पहाटेचे एक सतरा. तिथून सहा सदतीसपर्यंत पाच तास वीस मिनिटं. लॉगर तेच सांगतो. एक मिनिट हरवलेलं नाही."

प्रमुखांनी पेन्सिलीने कागदावर आकडे मांडले, पुसले, पुन्हा मांडले.

"जुळतंय," ते म्हणाले. "पण जुळतंय म्हणजे खरं आहे, असं नाही. तीन तास हवे होते, म्हणून तुम्ही तीन तासांचं गाव शोधून काढलंत. तसं गाव आहे, हे कशावरून?"

मावशीला हा माणूस आता आवडू लागला होता. तिच्या जुन्या साहेबांची आठवण व्हावी असा तो प्रश्न होता.

"वाऱ्यावरून," ती म्हणाली. "त्या भागात हिवाळ्यात दहा-अकरा किलोमीटर उंचीवर वारा नदीसारखा वाहतो, पश्चिमेकडून पूर्वेकडे. त्याच्याबरोबर उडालं की विमान लवकर पोचतं, विरुद्ध उडालं की रखडतं. दोन शहरांमधलं अंतर तेवढंच, पण जायचा वेळ एक आणि यायचा वेगळा. उत्तर-दक्षिण उडणाऱ्या विमानाला या वाऱ्याचा असा फायदा होत नाही. हे विमान पस्तीस मिनिटं आधी आलं, आणि वाहक म्हणाला की वाऱ्याने ढकलत आणलं. म्हणजे ते पश्चिमेकडूनच आलं."

"बरं. पश्चिमेकडून. किती लांबून?"

"चार तास पन्नास मिनिटं. चढणं, उतरणं, पाठीशी जोराचा वारा, सगळं धरून तासाला सरासरी नऊशे किलोमीटर. म्हणजे जवळजवळ चार हजार तीनशे. आणि त्या अक्षांशावर पश्चिमेला एवढं अंतर गेलं की सूर्य तीन तास उशिरा उगवतो. तीन तास मी नुसते वजाबाकीतून काढले नाहीत. ते अंतरातूनही निघतात."

डॉक्टरबाईच आधी सावध झाल्या.

"थांबा. मग पिशवीवरची वेळ? पेशी काढल्याची?"

"ती पहिल्या गावातच लिहिली ना? तिथल्या परिचारिकेने भिंतीवरचं घड्याळ बघितलं आणि लिहिलं, अकरा चाळीस. कार्यालयाच्या वेळेचा नियम तिच्या लक्षात राहिला नाही. पेटी बंद केल्याची वेळही तिने तशीच लिहिली, म्हणून तर अठ्ठावन्न तासांचे एकसष्ट झाले. तुम्ही ते मोठ्या शहराचे अकरा चाळीस समजून, आपल्या घड्याळात बदलून मुदत मोजलीत. पण ते झाले तीन तासांनंतर. पेशी तुम्ही समजता त्यापेक्षा तीन तासांनी तरुण आहेत, बाई. मुदत पाच चाळीसला नाही, आठ चाळीसला संपते."

"हे सगळं बरोबर असेल तर," प्रमुख हळूच म्हणाले. "मला एक तरी बाहेरचा साक्षीदार द्या. एकच. लगेच सही करतो."

मावशीने फोन काढला. जुन्या नोकरीतली तिची मैत्रीण अजून त्याच बिनखिडकीच्या खोलीत बसायची. जगातलं कुठलं विमान कधी उडालं आणि कधी उतरलं, हे तिच्या पडद्यावर असायचं. मावशीने फोन टेबलावर ठेवला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

"अगं, मी बोलतेय. गप्पा नंतर मारू. शुक्रवारचं एक विमान शोधायचंय." तिने मोठ्या शहराचं नाव सांगितलं. "तिथल्या घड्याळाने सकाळी सहा सदतीसला पोचलेलं. वेळ सात बाराची होती. हवेत चार तास पन्नास मिनिटांच्या आसपास. पश्चिमेकडून आलेलं असणार, साधारण चार हजार तीनशे किलोमीटरवरून."

"थांब हं."

कळफलकाची टकटक ऐकू येत राहिली. वाहकाने दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट धरले होते.

"तुझं आपलं सगळं अवघडच असतं," फोनवरून आवाज आला. "हं. आहे. एकच आहे. सांगू कुठून निघालं ते?"

"नको!" मावशी एवढ्या जोरात ओरडली की तंत्रज्ञ बाई दचकल्या. "गावाचं नाव सांगू नकोस. मला ते कळायला नको आहे, इथे कुणालाच नको. फक्त एवढंच सांग, ते तिथल्या घड्याळाने किती वाजता निघालं?"

फोनवर पुन्हा टकटक सुरू झाली.

५

"बावीस सतरा," मैत्रीण म्हणाली. "तिथलं घड्याळ तीन तास मागे आहे. अंतर चार हजार तीनशे दहा. काय गं, झालं काय? रडतेयस का तू?"

मावशी रडत नव्हती. रडत होता तो वाहक, तोंडावर रुमाल धरून, खांदे गदागदा हलवत. प्रयोगशाळाप्रमुखांनी पेन्सिल खाली ठेवली, पेन मागून घेतलं, सही केली, आणि तंत्रज्ञ बाईंना म्हणाले, "चला, चला, बघत काय बसलात?" दोघंही जवळपास धावतच गेली.

डॉक्टरबाई स्वतः शेजारच्या खोलीत गेल्या. ताई झग्याच्या नाड्या बांधून, पाय जुळवून, डोळे मिटून बसली होती.

"तो झगा काढा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

ताईने डोळे उघडले. "का? काय झालं? गेली का ती?"

"काही गेलं नाही. पेशी चांगल्या आहेत. तुमची गरज नाही आज."

ताईचा जीव भांड्यात पडला, पण तिला ते पटकन कळेना. ती तशीच झग्यात बाहेर आली, मावशीचा दंड धरला आणि म्हणाली, "खरं सांगतायत का त्या? की माझ्या झडपेसाठी म्हणून?"

"खरं आहे, ताई. मी मोजलंय."

"तू मोजलंस?" ताईने तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. "मग ठीक आहे." आणि बाकावर बसून तिने दोन दिवसांतला पहिला घास खाल्ला.

सहा पस्तीसला पिशवी नळीला लागली. काचेबाहेरून बघण्यासारखं फारसं काही नव्हतं. लालसर पाणी थेंबाथेंबाने उतरत होतं, आणि मासोळी कंटाळून छताकडे बघत होती. मध्येच तिने आईला हात केला. पावणेआठला पिशवी रिकामी झाली. मुदत संपायला पंचावन्न मिनिटं शिल्लक होती.

खाली वाहक बाकावर आडवा होऊन घोरत होता. डॉक्टरबाईंनी त्याच्या अंगावर इस्पितळाची चादर घालायला सांगितली. फॉर्मवर त्यांनी एक ओळ लिहिली: पोचल्याची वेळ दुसऱ्या वाहकाने नोंदवली, ती अचूक आहे. ते काम त्याच्याकडून कुणी काढून घेतलं नाही. प्रमुखांनी मात्र दुसऱ्याच दिवशी पाठवणाऱ्यांना कडक पत्र धाडलं की यापुढे प्रत्येक वेळेशेजारी घड्याळ कुठलं तेही लिहा.

मग नुसती वाट बघणं. नव्या पेशी हाडांत घर करतात की नाही, हे पंधरा-वीस दिवस कळत नाही. ताई रोज सकाळी रक्ताचा आकडा विचारायची आणि रोज शून्याच्या आसपासचं काहीतरी ऐकून परत यायची. मावशीने या वेळी कसलाच अंदाज सांगितला नाही. इथे वारा कुठला वाहतो हे तिला ठाऊक नव्हतं.

सतराव्या दिवशी डॉक्टरबाई जिन्यातच भेटल्या. त्यांनी आकडा सांगितला. कालच्या चौपट. ताईने "काय?" विचारलं, त्यांनी पुन्हा सांगितला. ताई तिथेच पायरीवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिला उचकी लागली, तरी थांबेना. वरून उतरणारी माणसं तिला वळसा घालून गेली.

काचेच्या खोलीत आत-बाहेर बोलायला एक फोन होता. मासोळीने आतून तो उचलला. आवाज बारीक होता, पण तिचा होता.

"मावशी, हे जे माझ्यात घातलंय, ते किती लांबून आलं?"

"दोन्ही विमानं मिळून जवळजवळ साडेपंधरा हजार किलोमीटर."

"बाप रे. आणि वेळ किती लागला?"

"उडायला अठरा तास. बाकीचा वेळ एक माणूस मांडीवर घेऊन बसला होता."

मासोळीने काचेतून आईकडे पाहिलं. मग म्हणाली, "भूक लागलीय."

ताईने मावशीच्या हातातून फोन जवळजवळ हिसकावून घेतला. "काय खाशील?" तिने विचारलं, आणि उत्तर यायच्या आत खांद्याने फोन कानाशी धरून पर्समध्ये पेन शोधू लागली.